रवाळ मध

मधमाश्या पाळणाऱ्या बाईला लोक तीन प्रश्न विचारतात. चावत नाहीत का? किलोला किती? आणि खरा आहे का? पहिल्याचं उत्तर सोपं आहे, चावतात. दुसऱ्याचं द्यायला मला फार दिवस लागले. तिसऱ्याने माझा गळा धरला, तो अजून सोडलेला नाही.

मिरजगावात सोलापूर रस्त्याला लागून माझ्या नवऱ्याचं पंक्चरचं दुकान आहे. दुकानामागे घर, आणि दोन्हींच्या मध्ये एक लिंबाचं झाड. त्या झाडाखाली मी टेबल टाकलं आणि मधाच्या बाटल्या मांडल्या. जागा मी फार हुशारीने निवडली होती. चाक काढून ठेवलेला माणूस जाणार कुठे? चहा पितो, मोबाईल बघतो, मग कंटाळून माझ्या टेबलाशी येतो. नवरा म्हणायचा, "मी टायर सोडवतो, तू माणूस अडकव." तेव्हा मला त्याचं हसू यायचं.

पेट्या सरकारी योजनेतून मिळाल्या होत्या, दहा दिवसांच्या प्रशिक्षणानंतर. आधी दहा, मग वाढत वाढत बत्तीस. सूर्यफूल, तूर, धने, उन्हाळ्याच्या तोंडाशी कांद्याचे गोंडे, जिथे फुलोरा तिथे आमचा टेम्पो. माझं शिक्षण बारावी. घरातल्या कुणीही आयुष्यात न केलेलं काहीतरी मी करत होते आणि त्याचा मला माज होता. तो कशाला लपवू?

पहिल्या वर्षी किलोच्या बाटलीला भाव ठेवला चारशे. एक दिवस पुण्याकडची एक गाडी पंक्चर होऊन थांबली. गाडीतला माणूस टेबलाशी आला, बाटली उचलली, भाव विचारला आणि खाली ठेवली.

"चारशे? एवढा स्वस्त? मग नक्की साखरेचा असणार. खरा असेल तर दाखवा."

माझं डोकं सणकलं. मी टेबलाखाली वाकले, खोक्यातली दुसरी बाटली काढली, त्याच पेटीतली, त्याच दिवशी भरलेली, आणि त्याच्यासमोर आपटली. "हा सहाशेचा."

त्याने वास घेतला, मान डोलावली आणि दोन बाटल्या नेल्या. नवरा टायरच्या मागे तोंड लपवून हसत होता. संध्याकाळपर्यंत मी सगळ्याच बाटल्या सहाशेच्या केल्या. एकाला सहाशे आणि दुसऱ्याला चारशे हे माझ्या मनाला पटेना. शिवाय खरं सांगायचं तर सहाशे हाच त्या कष्टाचा भाव होता, मी आधी घाबरून कमी सांगत होते.

रागात निघालेला भाव तोंडातून परत घेता येत नाही. गावातल्या बायका यायच्या, "काल चारशे आन् आज सहाशे? रातीत माश्यांनी पगार वाढवून मागितला का काय?" मी हसायचे आणि आतून चरफडायचे. डोक्यावर बादली घेऊन फिरणारे मधवाले दोनशेला किलो देत होते, वर तरंगतं पोळं दाखवून. बादलीत गुळाचं पाणी असतं हे सगळ्यांना माहीत होतं, तरी पोळं डोळ्यांना दिसायचं. माझ्याकडे दाखवायला काय होतं?

तेव्हा गुरुजी आले. गुरुजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे चौथीचे मास्तर, आता निवृत्त. अर्ध्या गावाला त्यांनी पाढे शिकवलेले. त्यांच्या शब्दाला मिरजगावात जे वजन आहे ते सरपंचाच्या शब्दाला नाही. त्यांनी बाटली हातात घेतली आणि म्हणाले, "सूनबाई, ग्लासभर पाणी आण."

मला कळलं ते काय करणार ते. पाण्यात मधाचा थेंब सोडायचा. तळाशी जाऊन बसला तर खरा, विरघळला तर खोटा. ही परीक्षा आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. आणि ती फोल आहे हे मला प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. दाट पाक केला तर तोही तळाशी जातो. मधाचं खरंखोटं प्रयोगशाळेत कळतं, ग्लासात नाही. हे मी वहीत लिहून, खाली रेघ मारून ठेवलं होतं.

पण मला हेही माहीत होतं की माझा मध तळाशी जाईल.

मी ग्लास आणला.

थेंब सरळ खाली गेला आणि मोत्यासारखा बसून राहिला. गुरुजींनी ग्लास उन्हात धरला, चार माणसांना दाखवला आणि मोठ्याने म्हणाले, "हातच्या काकणाला आरसा कशाला? सहाशे काय, आठशे घे." त्या दिवशी सात बाटल्या गेल्या. दोन दिवसांनी ते स्वतः ऑइलपेंटचा डबा आणि पत्र्याची पाटी घेऊन आले. लिंबाखाली बसून त्यांनी त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं: शुद्ध मध. परीक्षा करून घ्यावी. मी त्यांना चहा दिला. सांगायची वेळ तीच होती. गुरुजी, ही परीक्षा खरी नाही हो, एवढं एक वाक्य. मी बिस्किटं कोणती आणू विचारलं.

तिथून पुढे भाव सांगितला की लगेच ग्लास, असंच ठरून गेलं. मला त्यात गोडी लागली. थेंब कुठून सोडायचा, ग्लास कसा फिरवायचा, कधी गप्प बसायचं, सगळं जमायला लागलं. बाकीच्या परीक्षा मात्र मी जवळ येऊ दिल्या नाहीत. खरा मध कुत्रं खात नाही, असंही लोक मानतात. एका ट्रकवाल्याने हट्टाने पावाला मध लावून आमच्या दुकानातल्या कुत्र्यापुढे टाकला. आमचं कुत्रं रबराची चप्पलसुद्धा आवडीने खातं. त्याने पाव गिळला, जमीन चाटली आणि आणखी मागायला शेपूट हलवत उभं राहिलं. ट्रकवाला न घेता गेला. मी कुत्र्याला शिव्या घातल्या. बिचाऱ्याचा काय दोष?

पहिल्या वर्षी थंडी यायच्या आत माल संपला होता. दुसऱ्या वर्षी पेट्या वाढल्या आणि सूर्यफुलाचा मध भरपूर निघाला. दिवाळीनंतर भरलेल्या बाटल्या संक्रांत होईस्तोवर उरल्या. आणि त्या गोठायला लागल्या.

सूर्यफुलाचा मध थंडीत रवाळ होतोच. आधी तळाशी पांढुरकी साय धरते, मग वर चढत जाते आणि शेवटी सगळी बाटली घट्ट होते. त्यात खोटं काही नसतं. साजूक तूप रवाळ झालं की आपण सुगरणीचं कौतुक करतो. मध रवाळ झाला की लोक म्हणतात साखर घातली. दिसतो तसाच विकायचा, असं मी ठरवलं. प्रशिक्षणात सांगितलं होतं की कोमट पाण्यात ठेवून हळूहळू पातळ करता येतो, पण जास्त तापला तर वास जातो, गुण जातो, उरतो नुसता गोडवा. बत्तीस पेट्यांमागे धावायचं आणि वर बाटल्या शेकत बसायचं, एवढा वेळ माझ्याकडे नव्हता. आणि माझ्या मधाला मी का म्हणून वेषांतर करायला लावू?

गुरुजी बाजाराच्या दिवशी आले. भर दुपार, टेबलाशी तीन-चार बायका, शेजारी कांद्याची पिकअप पंक्चर होऊन उभी, तिची दोन माणसं टायरवर बसलेली. गुरुजींनी कापडी पिशवीतून बाटली काढली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. ती अशी झाकून आणली होती यातच मला सगळं कळलं.

"सूनबाई, ग्लास आण."

"गुरुजी, आधी माझं ऐका. थंडीनं मध..."

"ग्लास आण तू."

मी आणला. त्यांनी चमच्याने मध खरवडून पाण्यात टाकला. गोळा तळाशी गेला, पण जाता जाता फुटला. रवा पसरला आणि पाणी पांढुरकं होत गेलं. एका बाईने दुसरीला कोपराने ढोसलं ते मला दिसलं.

"मी माझ्या बहिणीकडं न्हेला हुता, कर्जतला," गुरुजी हळू आवाजात म्हणाले. "तिच्या जावयासमोर परीक्षा करून दाखवली मी. माझ्या तोंडाकडं बघत बसले सगळे."

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, असं झालं माझं. परीक्षा खरी म्हणावी तर मध खोटा ठरतो. मध खरा म्हणावा तर दोन वर्षं मी त्यांच्यापुढे आणि सगळ्या रस्त्यापुढे जे करत होते ते नाटक ठरतं. आणि नेहमीप्रमाणे, काही सुचेनासं झालं की मला येतो तसा राग आला.

"थांबा सगळी," मी म्हणाले. "पिकअपचं चाक व्हायला वेळ आहे. कुणी हलू नका."

घरात जाऊन मी गॅसवर साखर आणि पाणी चढवलं. दिवाळीत चिरोट्यांना करतो तसा पाक केला, त्याहूनही दाट. रंगाला थोडा गूळ टाकला. वाटी थंड पाण्यात धरून निववला आणि बाहेर आले. नवा ग्लास, नवं पाणी. पाकाचा थेंब सोडला.

तो सरळ तळाशी गेला आणि मोत्यासारखा बसला.

"बघा," मी म्हणाले. "हा निव्वळ पाक आहे, तुमच्यासमोर आता करून आणला. हाही पास झाला. ह्या परीक्षेला काही अर्थ नाही. मध खराच आहे, थंडीने गोठलाय."

मला वाटलं, जिंकले. गावात एवढं सरळ, एवढं स्वच्छ कुणी कुणाला काही सिद्ध करून दाखवलं नसेल. दोन्ही ग्लास शेजारी शेजारी ठेवून मी कमरेवर हात देऊन उभी राहिले.

टेबलाशी उभ्या बाईने पाकाचा ग्लास उचलून पाहिला. "अगं बया," ती म्हणाली, "वळखू बी येत न्हाई की. म्हंजे आमी इतके दिस ह्योच पाक सहाशेनं न्हेला का?"

"अहो, नाही! मी फक्त दाखवायला..."

"हात लई बसलाय तुमचा, वैनी," पिकअपवाला हसत म्हणाला. "धा मिन्टात झाला बी."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. खोटा मध मी आतापर्यंत कधी केलेला नव्हता. पहिल्यांदा केला तो गावाच्या डोळ्यांदेखत, आणि इतका उत्तम.

गुरुजी हसले नाहीत. ते दोन्ही ग्लासांकडे बघत होते. मग त्यांनी वर्गात विचारावं तसं विचारलं, "ही परीक्षा खोटी हाय, हे तुला कधी कळलं?"

माझ्याकडे खोटं बोलायला क्षणभर वेळ होता. मी तो वापरला नाही.

"पहिल्यापासून माहीत होतं, गुरुजी."

"मी पाटी रंगवली तवा?"

"हो."

"मग मला ल्ह्यू का दिलंस?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मी नंतर पेट्यांजवळ, मसाला वाटताना, टेम्पोत पुढे बसून शंभरदा शोधलं. तुमच्या अक्षराने मध खपत होता गुरुजी, एवढंच ते आहे. पण ते तोंडाने म्हणण्याएवढा निगरगट्टपणा तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. गुरुजींनी पिशवीची घडी घातली आणि ते गेले. बाटली टेबलावरच राहिली. मी पैसे परत करायला मागे धावले तर त्यांनी हात हलवून मला थांबवलं, वळूनसुद्धा पाहिलं नाही.

पुढचे पाच-सहा आठवडे टेबलाशी माणूस थांबला तरी हसायला थांबायचा. "पाक कितीला?" हा विनोद रस्त्याने जाणारं शाळकरी पोरसुद्धा करायचं. कुणी तीनशेला मागायचं, "मध असला तर तुमचं नशीब, पाक असला तर आमचं." मी भांडायचे. भांडून आणखी गिऱ्हाईक घालवायचे. एकीकडे नवरा समजवायचा, "अगं, गरम करून टाक. लोकांना पातळ पाहिजे तर पातळ दे." दुसरीकडे मी म्हणायचे, मरून जाईन पण मध बिघडवणार नाही. तो म्हणायचा, "मरू नको, स्वैपाक कर."

दुकान असतं तर कुलूप लावलं असतं. पेट्यांना कुलूप लावता येत नाही. धन्याचा फुलोरा लागला होता. माश्यांना गावात काय चाललंय त्याची खबर नव्हती. त्या सकाळी निघायच्या आणि संध्याकाळी भरून यायच्या, पेट्यांतल्या पोळ्यांच्या चौकटी जड होत चालल्या होत्या. मध काढला नाही तर त्या जागा नाही म्हणून पेटी सोडून उडतील. काढला तर ठेवायचा कुठे? घरातले डबे भरले, पाण्याचा ड्रम भरला, नवऱ्याने ट्यूब तपासायची टाकी तेवढी दिली नाही. ठोक व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला सव्वाशे रुपये किलो, तेही ड्रम आणून द्यायचा. सव्वाशेत मला टेम्पोचं डिझेलही परवडेना. मधाच्या वासाने घरात मुंग्यांची रांग लागली. मी त्या घरात हिंडायचे आणि मला वाटायचं, हे सगळं मी हौसेने आणलं आणि आता ह्यातून बाहेर पडायला दार नाही. एखाद्या दिवशी पेट्यांची झाकणं उघडी टाकून माहेरी निघून जावं असंही वाटलं. गेले नाही. झाकणं उघडी टाकली तर मुंगळे शिरतात.

फाल्गुनात एका दुपारी मी मोठं पातेलं चढवलं. तळाशी फडकं घातलं, त्यावर बाटल्या उभ्या केल्या आणि गळ्यापर्यंत पाणी भरलं. आच बारीक ठेवायची होती. पण एवढ्या बाटल्या बारीक आचेवर कधी व्हायच्या? मी गॅस मोठा केला. पाण्याला उकळी आली. हळूहळू पांढरं विरत गेलं आणि बाटली बाटलीत तो पिवळा, आरपार दिसणारा रंग उतरला. आणि घरभर सूर्यफुलाच्या शेताचा वास सुटला. इतका वास मला मध काढतानासुद्धा कधी आला नव्हता. मधातून निघून तो हवेत चालला होता. थोड्या वेळाने खिडकीतून चार माश्या आत आल्या, मग दहा-बारा. त्या पातेल्याभोवती फिरत राहिल्या. माझ्याच पेट्यांतल्या होत्या. मी त्यांना फडक्याने हाकललं आणि एकीकडे रडत होते. नवरा दारात येऊन बघून गेला. त्याने त्या दिवशी विनोद केला नाही.

गार झाल्यावर चाखून पाहिला. गोड होता. बाकी काही नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून बाटल्या उन्हात चमकायला लागल्या आणि लोक परत आले. मला वाटलं होतं महिने लागतील. आठ दिवस लागले. "आता कसा बघा," त्या दिवशीचीच बाई म्हणाली, "आरपार दिसतंय, ह्याला म्हंत्यात मध." तिने दोन बाटल्या नेल्या, घासाघीस न करता, सहाशेने. मी पैसे घेतले. आता बोलून काय सिद्ध करणार होते, आणि कशाने?

गुरुजी पाडव्याच्या आधी आले. त्यांना येताना बघून मी उभी राहिले, खुर्ची पुसली. ते बसले. घरच्यांची चौकशी केली, नवऱ्याला दोन शब्द बोलले. मग टेबलावरची एक बाटली उचलून त्यांनी उन्हाकडे धरली, बराच वेळ बघितली. त्यांचा चेहरा सैल होत गेला. मला इतकं बरं वाटलं की त्याची आजही लाज वाटते.

"सूनबाई," ते म्हणाले, "मी तुझ्यावर लई चिडलो हुतो. घरात सांगितलं, त्या रस्त्यानं जाणार न्हाई म्हनून. पन माणसाच्या हातून व्हतं. लोभ कुनाला सुटलाय? तू सुधारलीस, ह्यात सगळं आलं. मी मनात काही ठेवलं न्हाई, तूबी ठेवू नको."

जो गुन्हा मी केलाच नव्हता त्याची ते मला माफी देत होते. ती देताना त्यांचे डोळे भरले होते. पुन्हा एकदा सगळं पहिल्यापासून सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. आणि मला दिसलं की मी सांगितलं तर हा म्हातारा माणूस ही बाटली खाली ठेवेल, उठेल आणि ह्या खेपेला परत येणार नाही.

"व्हय गुरुजी," मी म्हणाले.

त्यांनी सहाशे रुपये मोजून टेबलावर ठेवले. नको म्हटलं तर ऐकेनात. बाटली पिशवीत घालता घालता ते थांबले.

"त्या खोट्या बाटल्यांचं काय केलंस? ज्यांची साखर झाली हुती त्या?"

"फेकून दिल्या."

"शाब्बास," गुरुजी म्हणाले, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्यातलीच एक बाटली घेऊन घरी गेले.